चौथा भाग

आधी फळ्या आल्या, मग खोकी,
मग धापा टाकत त्याचा भाचा रादिम.
म्हणाला, मामांनी लिहून ठेवलंय,
सगळ्या रेकॉर्ड खालच्याला.
खालचा म्हणजे मी.
एक हजार चारशे बारा. मी मोजल्या नाहीत,
वहीत हावर्लंटनंच मोजून ठेवल्या होत्या
पोस्टातल्या माणसाच्या अक्षरात,
शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा.

आमची ओळख जिन्यातली.
मी खाली येताना तो वर जाणार,
माझ्या हातात डबा, त्याच्या हातात छत्री.
एकदा थांबून विचारलं त्यानं, झोप लागते ना नीट?
मी म्हटलं, दगडासारखी.
फार बरं वाटलेलं दिसलं त्याला.
इतकं बरं का वाटावं, ते मला कळलं नव्हतं.

संगीतातलंही काही कळत नाही मला.
डावा कान ड्रिलनं नेला, उजवा निम्म्यावर आलाय.
ओबो कुठला, क्लॅरिनेट कुठलं,
यावर अजून पैज लावणार नाही.
पण टिंपनी कळते.
लांबच्या बोगद्यात सुरुंग उडाला की
आधी गुडघ्यांना कळायचं, मग कानाला.
तशीच ती.
आणि व्हिओला म्हणून जे असतं
ते पाणी उपसणाऱ्या पंपासारखं,
बंद पडलं तरच कळणार, की इतका वेळ चालू होतं.

रोज तीन. जेवणाआधी एक, नंतर दोन.
त्यानं लावल्या त्याच क्रमानं,
आवडली नाही तरी शेवटपर्यंत.
पाळी अर्धी सोडत नाहीत.

दोनशेच्या आसपास लक्षात आलं.
रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की
पट्टे दिसतात, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या.
दुसरा करडा,
बुटाच्या टाचेसारखा झिजलेला.
चौथा काळाभोर, दुकानातून आणला तसा.
वाटलं, ही एकच असेल.
मग पुढची काढली.
मग मागच्या दोनशे सगळ्या, जमिनीवर, पहाटेपर्यंत.
लाइपझिगचे, ब्रातिस्लाव्हाचे, कुठले कुठले वाद्यवृंद,
सगळ्यांचे संथ भाग घासून गेलेले
आणि शेवट कोरे.

काही वेष्टनांच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक चंद्रकोर होती.
मी ती कंपनीची खूण समजत होतो.

खाटेवर बसून हिशेब केला.
त्याची पोस्टात दुपारची पाळी, सकाळ मोकळी.
माझी रात्रीची,
सकाळी सात ते दोन मी त्याच्या जमिनीखाली आडवा.
तो रात्री दहाला परतायचा, तेव्हा अख्खी इमारत झोपलेली.
रविवारी ओपावाला, आईकडे.
म्हणजे उरलं काय?
पितळी वाद्यं उठायच्या आत तो उठत असणार,
दोन बोटांनी सुई उचलत असणार,
पायात मोजे,
माझ्या छातीच्या बरोबर वर.

पुढे खाण बंद झाली.
ओस्त्राव्हात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही असेल.
पण मी आता रात्री झोपतो,
हे सांगायचं राहिलं.
भेटला होता की जिन्यात.
मी म्हटलं, यंदा थंडी लवकर आली.

पहिला कोरा चौथा भाग नोव्हेंबरात लावला.
एक ओरखडा नाही. चार हॉर्न एकदम,
पिंजरा वर येताना शेवटच्या दहा मीटरात
उजेड तोंडावर आदळतो, डोळे मिटतात,
आणि माणसं उगाच हसायला लागतात, तसं काहीसं.
संपलं तेव्हा मी उभा होतो.
सुई मधल्या रिकाम्या खाचेत टकटक करत राहिली,
बराच वेळ.

सहाशे अकरावर आलोय.
या वेगानं उरलेल्या नऊ महिन्यांच्या,
आणि डॉक्टर म्हणतो, धुळीनं भरलेल्या फुप्फुसांवर
तारखा लिहिलेल्या नसतात.

वर आता श्तेपांका राहते, इस्पितळात नर्स.
आज सकाळी साडेसातला तिचे बूट वाजले,
एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा.
सुई तिसऱ्या भागाशी उचलली.
पेन्सिल बशीतच असते.
चौथा बुधवारी.